आडवी पट्टी फिकट का पडते: ओएलईडी पॅनेलमधल्या तारांची मांडणी

घाटंजी तालुक्यातल्या एका डिप्लोमाच्या मुलाने विचारलं आहे: "काका, मी वावरातला ओलावा दाखवणारं मीटर बनवलं. त्याला ०.९६ इंची, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओएलईडी लावला. वर नावाची पूर्ण पांढरी पट्टी दिली की ती फिकट दिसते आणि खालचे दोन आकडे मात्र चकचकीत दिसतात. तीन मॉड्यूल बदलून पाहिले, तिन्हींत तेच. आतल्या तारा बारीक असतात म्हणून असं होतं का? मग मोबाइलच्या स्क्रीनवर का दिसत नाही? आणि हे तारांचं काम शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?"

तुझे तिन्ही मॉड्यूल चांगले आहेत. तीनदा बदलूनही तेच दिसलं, म्हणूनच खात्रीने सांगता येतं की हा एखाद्या नगाचा दोष नाही. पट्टीच्या एका ओळीत १२८ ठिपके एकाच क्षणी पेटतात आणि त्या सगळ्यांचा करंट एकाच अरुंद तारेतून परत जातो. आकड्यांच्या ओळीत फार तर वीस-पंचवीस ठिपके पेटलेले असतात. परतीच्या वाटेवर जिथे गर्दी, तिथे उजेड कमी. तू काम शिकायचं म्हणतोस, म्हणून आता सविस्तर सांगतो.

मी आर्वीच्या बाजूला वाढलो. आमचं वावर डीपीपासून (विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर होतं. गहू-हरभऱ्याच्या ओलिताला सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीजवळच्या विहिरीवर पाणी धो धो पडायचं आणि आमची मोटर नुसती गुरगुरत राहायची. मोटर तीच, तार तीच, फक्त वाटेत बाकीच्यांनी करंट ओढलेला. पुढे वीस वर्षं मी डिस्प्ले पॅनेलमधल्या तारांचे नकाशे काढले. खांबावरच्या तारेच्या जागी मायक्रॉनभर रुंदीची तार आली, हिशेब मात्र तोच राहिला.

आधी एलसीडी आणि ओएलईडीमधला फरक नीट समजून घे, कारण तारांचा सगळा प्रश्न त्यातूनच येतो. एलसीडीत ठिपका म्हणजे एक झडप असते. उजेड मागच्या दिव्याचा, ठिपक्याला फक्त व्होल्टेज द्यायचं. तो एकदा भारला की करंट जवळजवळ थांबतो, आणि थांबलेल्या करंटला तारेच्या रेझिस्टन्सची फिकीर नसते. ओएलईडीत ठिपका स्वतःच दिवा आहे. त्याचा उजेड करंटच्या प्रमाणात असतो, आणि जोवर उजेड आहे तोवर करंट वाहतो. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ सेंद्रिय थरांचा असा दिवा दहा व्होल्टच्या आत पेटवून दाखवला. त्यांचा अ‍ॅनोड (करंट आत जाण्याची बाजू) होता इंडियम टिन ऑक्साइड, म्हणजे आयटीओ, आणि कॅथोड (करंट बाहेर पडण्याची बाजू) मॅग्नेशियम-चांदीचा. आजही याच दोन पदार्थांपाशी आपली निम्मी डोकेदुखी आहे.

आयटीओ पारदर्शक आहे म्हणून वापरावा लागतो, तारेसाठी तो चांगला नाही. पातळ थराचा रेझिस्टन्स आपण चौकोनावर मोजतो. समज, आयटीओच्या थरातून एक चौरस तुकडा कापला आणि एका कडेकडून समोरच्या कडेकडे करंट सोडला. तुकडा तळहाताएवढा असो की तिळाएवढा, रेझिस्टन्स तोच येतो, कारण लांबी वाढली तेवढीच रुंदीही वाढली. दीडशे नॅनोमीटर जाडीच्या आयटीओला चौकोनामागे साधारण १३ ओहम धर. तेवढ्याच आसपास जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमला चौकोनामागे पाव ओहम. म्हणजे पन्नास पटींचा फरक. मग कुठल्याही तारेचा हिशेब तोंडी होतो: लांबीला रुंदीने भाग, किती चौकोन बसले ते मोज, चौकोनाच्या ओहमने गुण. एवढं पाठ कर. या धंद्यातले अर्धे निर्णय याच गुणाकाराने होतात.

आता तुझाच डिस्प्ले घेऊ. दिसणारा भाग साधारण २१.७ बाय १०.९ मिलिमीटर. ठिपका सुमारे ०.१५ मिलिमीटर. उभे १२८ स्तंभ आयटीओचे, तो अ‍ॅनोड. आडव्या ६४ ओळी अ‍ॅल्युमिनियमच्या, तो कॅथोड. दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे मधे सेंद्रिय थर, तोच ठिपका. ट्रान्झिस्टर नाहीत, म्हणून याला पॅसिव्ह मॅट्रिक्स म्हणतात. एका वेळी एकच ओळ पेटते, मग पुढची, मग त्यापुढची. डोळ्याला सगळं चित्र एकदम दिसतं, पण प्रत्येक ओळीला वेळेचा चौसष्टावा भागच मिळतो. सरासरी उजेड हवा तेवढा दिसायचा तर त्या क्षणी ठिपक्याने चौसष्टपट पेटावं लागतं. त्यामुळे एवढ्याशा काचेत मोठा करंट येतो.

तुझ्या मॉड्यूलवर बहुधा एसएसडी१३०६ हा ड्रायव्हर, म्हणजे ठिपके चालवणारी चिप, आहे. तो एका स्तंभाला जास्तीत जास्त १०० मायक्रोअँपिअर देतो, आणि एका ओळीतून १५ मिलिअँपिअरपर्यंत करंट परत घेऊ शकतो. १२८ ठिपके गुणिले १०० मायक्रोअँपिअर, म्हणजे १२.८ मिलिअँपिअर. चिप बनवणाऱ्यांनी हा गुणाकार करूनच पंधराची मर्यादा ठेवलेली दिसते.

स्तंभाकडे पाहा. १०.९ मिलिमीटर लांब, ०.१५ रुंद, म्हणजे सुमारे ७२ चौकोन. गुणिले १३, साधारण ९४० ओहम. आकडा मोठा वाटतो, पण स्तंभातून एका वेळी एकाच ठिपक्याचा करंट जातो. १०० मायक्रोअँपिअरला व्होल्टेजची घट आली ०.०९ व्होल्ट. चालून जातं.

आता ओळ घे. २१.७ लांब, ०.१५ रुंद, १४५ चौकोन. पाव ओहमने गुणलं की ३६ ओहम. रेझिस्टन्स स्तंभाच्या पंचविसाव्या भागाएवढा, पण करंट १२८ पट. सगळा करंट शेवटच्या टोकापासून वाहत नाही, वाटेत एकेका ठिपक्याचा मिळत जातो, म्हणून घट पूर्ण गुणाकाराच्या निम्मी धरायची: ०.२३ व्होल्ट. म्हणून आयटीओ स्तंभात चालतो, पण ओळीत चालूच शकत नाही. ओळीला धातूच लागतो. कुठली दिशा कुठल्या पदार्थाला द्यायची हा निर्णय दिसण्यावरून होत नाही, कुठून किती ठिपक्यांचा करंट एकत्र जातो त्यावरून होतो.

याहून मोठी गोम चित्राच्या बाहेर असते, आणि नवीन माणूस नेमका तिथेच चुकतो. ओळ संपल्यावर ती काचेच्या कडेने चिपपर्यंत न्यावी लागते. समज, ही कडेची तार १० मिलिमीटर लांब आणि ०.१ रुंद आहे. शंभर चौकोन. नुसत्या आयटीओत काढली तर १३०० ओहम, आणि १२.८ मिलिअँपिअरला घट येईल साडेसोळा व्होल्ट. तुझ्या मॉड्यूलमधला चार्ज पंप, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारा भाग, देतोच मुळी साडेसात व्होल्ट. म्हणजे पॅनेल पेटणारच नाही. त्यामुळे कडेच्या तारांवर क्रोमियमचा किंवा मॉलिब्डेनम-अ‍ॅल्युमिनियम-मॉलिब्डेनमचा थर चढवतात. यातल्या दुसऱ्या थराने शंभर चौकोनांचे वीसेक ओहम होतात आणि घट पाव व्होल्टवर येते. काचेच्या कडेला बाहेरून ज्या चंदेरी रेघा दिसतात त्या याच.

कडेला जागा कमी आणि तारा चौसष्ट. सगळ्या एकाच बाजूने काढल्या तर एक बाजू फुगते. म्हणून बहुतेक पॅनेलमध्ये एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून बाहेर काढतात. याचा आणखी एक फायदा होतो. डावीकडून निघणाऱ्या ओळीचं उजवं टोक किंचित फिकट, पुढच्या ओळीचं डावं टोक फिकट. शेजारशेजारच्या ओळी एकमेकींची उणीव झाकतात आणि डोळ्याला सपाट उजेड दिसतो. तुझ्या लायब्ररीत, म्हणजे स्क्रीन चालवणाऱ्या तयार कोडमध्ये, हेक्स डीए या आज्ञेनंतर हेक्स १२ पाठवलेलं सापडेल. चिपला ती या एकाआड एक मांडणीची खबर असते. तिथे चुकून ०२ गेलं तर ओळींची अदलाबदल होऊन चित्र विस्कटतं, आणि पोरं पॅनेल खराब म्हणून फेकून देतात.

आता तुझ्या पट्टीचं नेमकं काय होतं? स्तंभ चालवणारे भाग स्थिर करंट देणारे आहेत. कागदावर पाहिलं तर ओळीत थोडं व्होल्टेज पडलं तरी करंट तेवढाच राहायला हवा, म्हणजे उजेड बदलायला नको. पण स्थिर करंट देणाऱ्यालाही काम करायला हाताशी काही व्होल्टेज उरावं लागतं. साडेसात व्होल्टातून ठिपक्याने आपला वाटा घेतला, ओळीने घेतला, कडेच्या तारेने घेतला, चिपच्या आतल्या स्विचने घेतला. आकड्यांच्या ओळीत हे सगळं मिळून थोडंच जातं, हाताशी पुरेसं उरतं. पूर्ण पट्टीत अर्धा व्होल्ट किंवा जास्त जातो आणि हाताशी काही उरत नाही. मग करंट घसरतो. विहिरीचं पाणी खाली गेलं तरी मोटर एका खोलीपर्यंत तेवढंच पाणी देते, त्याखाली गेलं की एकदम कमी होतं, तसं.

हे खरंच ओळीमुळे आहे की चार्ज पंपच दमतो आहे, हेही तुला घरी ठरवता येईल. फक्त पट्टीच्या ओळी फिकट आणि आकडे तसेच चकचकीत असतील तर दोष ओळीच्या वाटेचा. पट्टी लावल्यावर आकडेसुद्धा फिकट झाले तर पुरवठा कमी पडतो आहे, कारण पंपाचा कपॅसिटर सगळ्या ओळींना सारखाच पुरवतो. तुझ्या वर्णनावरून पहिल्याचीच शक्यता जास्त आहे.

या ओळी वेगळ्या करतात कशा, तेही सांगतो, कारण मला अजूनही ती युक्ती फार आवडते. सेंद्रिय थर एकदा बसला की त्यावर पाणी, विद्रावक, डेव्हलपर काहीच चालत नाही. म्हणजे वर अ‍ॅल्युमिनियमचा अखंड थर देऊन नंतर कोरून ओळी पाडणं शक्य नाही. म्हणून आधीच, सेंद्रिय थर देण्यापूर्वी, ओळींच्या मधे फोटोरेझिस्टच्या (उजेडाने आकार देता येणाऱ्या लेपाच्या) भिंती उभ्या करतात. या भिंती वर रुंद आणि खाली अरुंद असतात. अ‍ॅल्युमिनियमची वाफ वरून पडते आणि भिंतीच्या वळचणीखाली पोचत नाही. घराच्या वळचणीखालची जमीन पावसात कोरडी राहते ना, तसं. तिथे धातू आपोआप तुटतो आणि ओळी वेगळ्या होतात. कोरायची गरजच नाही.

याच्या उलट काळजी अ‍ॅनोडच्या कडेची. दोन इलेक्ट्रोडमधला सगळा सेंद्रिय भाग मिळून जाडी शंभर-दोनशे नॅनोमीटर. अ‍ॅनोड स्वतः दीडशे. म्हणजे अ‍ॅनोडची कडा हा सेंद्रिय थराच्या दृष्टीने स्वतःच्या उंचीएवढा धुरा, म्हणजे वावराचा बांध, आहे. धुऱ्यावर थर पातळ होतो, तिथे वरचा कॅथोड खालच्या अ‍ॅनोडला टेकतो आणि शॉर्ट होतो. म्हणून अ‍ॅनोडच्या चारी कडा पॉलिइमाइडसारख्या इन्सुलेटरने झाकतात आणि त्या झाकणाची कड मुद्दाम उतरती ठेवतात. नकाशा काढणाऱ्याने हे झाकण कडेच्या किती आत येतं ते पाहायचं. जास्त आत आलं तर उजेडाची जागा जाते, कमी आलं तर मास्क (नक्षीचा साचा) जरासा सरकला तरी कडा उघडी पडते. मी नेहमी झाकण थोडं जास्त आत घ्यायचो. उजेड थोडा कमी मिळालेला परवडतो, पण काळा ठिपका एकदा पडला की कायमचा.

आता मोबाइल. तिथे प्रत्येक ठिपक्यामागे ट्रान्झिस्टर आहेत आणि ठिपका पूर्ण वेळ पेटलेला राहतो. चौसष्टपट करंटची गरज संपली. पण तारांचा प्रश्न संपला असं समजू नकोस, तो फक्त दुसरीकडे गेला. ठिपक्याचा करंट ठरवणारा ट्रान्झिस्टर पुरवठ्याच्या तारेला जोडलेला असतो. त्याचा करंट त्याच्या गेट (हुकूम घेणारं टोक) आणि सोर्स (करंट आत येण्याचं टोक) यांमधल्या व्होल्टेजमधून थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर सुरू व्हायला लागणारं किमान व्होल्टेज) वजा करून जे उरतं, त्याच्या वर्गावर ठरतो. सोर्स म्हणजेच पुरवठ्याची तार. वर्ग आहे, म्हणून छोटी घटही मोठी दिसते. उरलेलं व्होल्टेज १ असेल आणि पुरवठा ०.१ ने घसरला तर ०.९ चा वर्ग ०.८१. उजेड एकोणीस टक्क्यांनी कमी.

उदाहरण म्हणून मी स्वतः धरलेले आकडे घे. स्क्रीन १४० मिलिमीटर उंच, १०८० उभ्या पुरवठ्याच्या तारा, पूर्ण पांढऱ्या चित्राला ४०० मिलिअँपिअर. एका तारेच्या वाट्याला ०.३७ मिलिअँपिअर. तार ५ मायक्रॉन रुंद, जाड अ‍ॅल्युमिनियमची, चौकोनामागे ०.०६ ओहम. चौकोन झाले २८ हजार, रेझिस्टन्स १६८० ओहम. करंट वाटेत वाटला जातो, म्हणून गुणाकाराच्या निम्मी घट: ०.३१ व्होल्ट. ट्रान्झिस्टरपाशी २ व्होल्ट उरत असतील तर वरचं टोक तीस टक्क्यांच्या आसपास मंद दिसेल. असा फोन कोणी घेणार नाही.

मग तारेला दोन्ही टोकांनी पुरवठा द्यायचा. जास्तीत जास्त घट आता मध्यावर येते, आणि ती चौथ्या हिश्शावर उतरते. अर्धी लांबी, अर्धा करंट, म्हणून चौथा हिस्सा. ०.३१ चे ०.०८ होतात आणि उजेडातला फरक सात-आठ टक्के राहतो, तोही हळूहळू बदलणारा, जो डोळ्याला सहसा कळत नाही. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत ठिबक टाकताना जाणता माणूस सबमेन (पाणी पुरवणारा जाड पाइप) एका धुऱ्याला न टाकता वावराच्या मधून नेतो आणि लॅटरल (बारीक नळ्या) दोन्ही बाजूंना सोडतो. कारण हेच. पाण्यात घर्षणाचा नियम थोडा वेगळा, पण विचार तोच.

दोन्ही टोकांनी पुरवठा द्यायचा म्हणजे कडेने एक रुंद बस, म्हणजे पुरवठ्याची मुख्य तार, वरपर्यंत न्यावी लागते, आणि ती कडेची जागा खाते. स्क्रीनभोवतीची काळी किनार बारीक करा असं जेव्हा विक्रीवाले सांगतात, तेव्हा ते याच तारेच्या रुंदीवर बोट ठेवत असतात. माझे सगळ्यात जास्त वाद याच जागेवरून झाले. तिथे मी फार कमी वेळा माघार घेतली.

उभ्या तारांना आडव्या तारांनी जोडून जाळी करतात, हे तू वाचशील. जाळी चांगलीच आहे, पण कशासाठी चांगली ते समज. पूर्ण पांढऱ्या चित्रात सगळ्या उभ्या तारांवर सारखाच भार असतो, सगळ्या सारख्याच घसरतात, त्यामुळे आडव्या तारेतून काहीच वाहत नाही. तिथे जाळीचा उपयोग नाही. करड्या पार्श्वभूमीवर पांढरा चौकोन असला की त्या चौकोनाच्या तारा एकट्याच घसरतात आणि चौकोनाच्या वर-खाली सावलीसारखा पट्टा दिसतो. तिथे जाळी शेजारच्या मोकळ्या तारांतून करंट आणते आणि पट्टा विरतो. नुसतं "जाळी केली" म्हणून निश्चिंत झालेले नकाशे मी पाहिले आहेत, ज्यांत पुरवठा एकाच टोकाने होता.

ट्रान्झिस्टरांची संख्या वाढवून थ्रेशोल्डमधला फरक भरून काढणाऱ्या मांडण्या आहेत. सात ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर ही त्यातली नेहमीची. पण तिच्यात थ्रेशोल्ड भरून निघतो, पुरवठ्याची घट तशीच राहते. सॉफ्टवेअरने दूरच्या ठिपक्यांना थोडा जास्त डेटा देऊनही भरपाई करतात. ते शेवटचा हात फिरवण्यापुरतं ठीक आहे. त्याच्या भरवशावर तार बारीक करू नये, कारण तारेत पडलेल्या व्होल्टची उष्णता कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

उष्णतेवरून माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी काम करत होतो तिथे एका छोट्या पॅनेलचा नकाशा माझ्याकडे होता. पुरवठ्याच्या तारा मी मनापासून नीट काढल्या. कॅथोड सगळ्या ठिपक्यांना मिळून एकच अखंड थर होता, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तो थर बाहेरच्या तारेला जिथे टेकतो ती जागा एका कोपऱ्यात काही मिलिमीटरची ठेवली. वरून उजेड बाहेर काढणाऱ्या पॅनेलमध्ये कॅथोड पारदर्शक असावा लागतो, म्हणजे मॅग्नेशियम-चांदीचा दहा-पंधरा नॅनोमीटरचा पापुद्रा. साऱ्या पॅनेलचा करंट त्या पापुद्र्यातून त्या एका कोपऱ्याकडे धावला. आयुष्य-चाचणीत काही दिवसांतच तो कोपरा बोटाला कोमट लागू लागला, मग त्याच्या आजूबाजूचे ठिपके आधी मंद झाले आणि कोपरा काळवंडला. दोष सेंद्रिय पदार्थाचा असेल म्हणून रसायनवाल्या सहकाऱ्यांनी आठवडे घालवले. शेवटी चौकोन मोजल्यावर कळलं की दोष माझ्या टेकण्याच्या जागेचा होता. तीन बाजूंनी पट्टा देऊन तो सुटला. त्यांचे ते आठवडे माझ्यामुळे गेले, ही गोष्ट मला अजून टोचते. तेव्हापासून मी कुठल्याही नकाशाला हात घालण्याआधी दोन वाटा काढतो: करंट कुठून येतो आणि कुठून परत जातो. दुसरी वाट माणूस विसरतो.

धातूंबद्दल थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि चांगला वाहक, पण तापला की काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो. काच त्याला धरून ठेवते, मग त्याला वर फुगण्याशिवाय जागा राहत नाही आणि बारीक टेंगळं उठतात. ती वरच्या इन्सुलेटरमधून आरपार जाऊन वरच्या तारेला लागू शकतात. शिवाय आयटीओला उघडा अ‍ॅल्युमिनियम थेट टेकला तर प्रक्रियेतल्या अल्कधर्मी डेव्हलपरमध्ये दोघांत बॅटरीसारखी क्रिया होऊन गंज चढतो. म्हणून टायटेनियम-अ‍ॅल्युमिनियम-टायटेनियम असं सँडविच करतात. करंट मधला नेतो, वरचा-खालचा त्याला सांभाळतात. ट्रान्झिस्टरच्या गेटची तार बऱ्याचदा मॉलिब्डेनमची असते, कारण ती बसल्यानंतरही पॅनेल चांगलंच तापवावं लागतं आणि अ‍ॅल्युमिनियमला ते सोसत नाही. मॉलिब्डेनमचा रेझिस्टन्स जास्त, पण गेटच्या तारेत सतत करंट नसतो. तिथे वेळेचा प्रश्न असतो: समज, आडव्या १०८० ओळी आहेत; ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांना, एका ओळीला १५.४ मायक्रोसेकंद, १२० हर्ट्झला त्याच्या निम्मे. तेवढ्यात तार भरली पाहिजे, म्हणून तीही शक्यतो दोन्ही बाजूंनी चालवतात.

आता तुझं मीटर. आडवी पूर्ण पट्टी काढून टाक. नाव हवंच असेल तर डाव्या कडेला उभी पट्टी दे. आठ ठिपके रुंदीची उभी पट्टी प्रत्येक ओळीवर फक्त आठ ठिपक्यांचा भार टाकते, तीच पट्टी आडवी केली की आठ ओळींवर प्रत्येकी १२८. पेटलेले ठिपके उभ्या पट्टीत ५१२, आडवीत १०२४. एकूण दुपटीचा फरक, पण एकेका ओळीच्या परतीच्या वाटेवर तो सोळापट होतो. आडवीच हवी असेल तर बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक ठिपका पेटव, भार निम्मा होतो. आणि हेक्स ८१ च्या आज्ञेने कॉन्ट्रास्ट निम्म्यावर आण. करंट निम्मा झाला की घटही निम्मी होते, ओळीओळीतला फरक बहुतेक जाईल, आणि नेहमी एकाच जागी पेटणाऱ्या आकड्यांची झीजही हळू होईल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त असतं. बऱ्याच मॉड्यूलला ७० अंशांची मर्यादा असते. पेटी सावलीत ठेव आणि बटण दाबल्यावरच स्क्रीन पेटू दे.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. मॉड्यूलची पातळ पिवळसर रिबन जिथे काचेला चिकटते, तिथल्या रेघा पोटॅशच्या धुळीपासून जप. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, आणि क्लोराइड अधिक ओलावा अधिक व्होल्टेज म्हणजे बारीक धातूला गंज लागायला पुरेसं. खत टाकलेल्या हातांनी ती जागा पुसू नकोस. तिथे न्यूट्रल-क्युअर सिलिकॉनचा पातळ थर दे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं.

शिकायचं तर हे कर. ठिपक्यांची एकच ओळ पेटव, बाकी स्क्रीन काळी. पेटलेले ठिपके ८, मग १६, ३२, ६४, १२८ असे वाढवत जा, आणि दरवेळी पहिल्या त्याच ठिपक्याचा फोटो काढ. फोन स्टँडवर, अंधाऱ्या खोक्यात, एक्स्पोजर हाताने लावलेलं आणि एक पंचवीसांश सेकंदापेक्षा कमी नको, नाहीतर स्कॅनची लुकलुक येईल. उजेडाचा आलेख काढ. मग एनजीस्पाइस हे सर्किटची नक्कल करणारं मोफत सॉफ्टवेअर घेऊन १२८ रेझिस्टरांची शिडी मांड, प्रत्येक पायरीवर एक करंट स्रोत आणि एक डायोड, आणि तुझा आलेख त्यात येतो का पाहा. आधी स्थिर करंटचा आदर्श स्रोत ठेवशील तर तो येणार नाही. स्रोताला साडेसात व्होल्टची मर्यादा घातलीस की येईल. तो क्षण स्वतः अनुभव. त्यानंतर केलेआउट हे तारांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर उघड, तेही मोफत आहे, आणि कडेच्या ६४ तारा स्वतः काढ: प्रत्येकीची लांबी वेगळी, म्हणून रुंदीही वेगळी, चौकोन मात्र सगळ्यांचे शक्यतो सारखे. हे करताना हात दुखेल इतका वेळ लागेल.

एखादं मेलेलं मॉड्यूल असेल तर घड्याळजीच्या भिंगाखाली कडेच्या रेघा पाहा. जवळच्या तारा अरुंद आणि दूरच्या रुंद केल्या आहेत का, ते मोजून लिहून ठेव. आलेख आणि ही मोजमापं दोन्ही घेऊन ये. पुढे गेटच्या तारेचा वेळेचा हिशेब करू, त्याला कागद आणि दोन तास लागतील.